चष्म्याला तुमचं नाव कोण सांगतं?

भर दुपारी बेळगावच्या गणपत गल्लीत गर्दी असते. समोरून काळ्या फ्रेमचा चष्मा घातलेला माणूस येतो. नेहमीचाच चष्मा, फक्त काड्या जरा जाड. फ्रेमच्या दोन्ही वरच्या कोपऱ्यांत हरभऱ्याएवढे दोन गोल दिसतात. एक कॅमेरा, दुसरा दिवा. उजव्या काडीवरचं बटण बोटाने दाबलं की फोटो निघतो. त्या क्षणी दुसऱ्या कोपऱ्यातला पांढरा दिवा लुकलुकतो. व्हिडिओ चालू असेल तोवर तो दिवा चालूच राहतो.

मेटा (फेसबुकची मालक कंपनी) आणि रेबॅन यांचा हा चष्मा भारतात मे २०२५ मध्ये अधिकृतपणे विक्रीला आला. तेव्हाची किंमत २९,९०० रुपयांपासून. कॅमेरा १२ मेगापिक्सेलचा, सोबत पाच मायक्रोफोन. वजन पन्नास ग्रॅमच्या आसपास, म्हणजे नंबरच्या साध्या चष्म्याहून थोडंच जास्त. तेव्हापासून बेळगाव, खानापूर, निपाणीकडे दोन प्रश्न हमखास कानावर येतात. बाजारात उभ्या बाईला कळणार कसं की आपला फोटो निघतोय? आणि हा चष्मा नुसतं बघून आपलं नाव-गाव सांगतो, हे खरं का?

पहिल्याचं उत्तर दिव्यापाशी आहे. या चष्म्यात दिवा बोटाने किंवा पट्टीने झाकला, तर कॅमेरा फोटो घ्यायला नकार देतो आणि दिवा मोकळा करा म्हणून सांगतो. सोय चांगली आहे, पण पुरेशी नाही. एक तर बाराच्या उन्हात तो बारीक दिवा तीन-चार पावलांवरून नीट दिसत नाही. संध्याकाळी किंवा घरात लगेच लक्षात येतो. दुसरं, पैसे घेऊन हा दिवा निकामी करून देणारे लोक आहेत, हे २०२५ मध्ये अमेरिकेतल्या पत्रकारांनी उघड केलं. तिसरी गोष्ट आपल्याकडे जास्त लागू पडते. ऑनलाइन काही हजारांत मिळणाऱ्या बिननावाच्या कॅमेरा-चष्म्यांत बहुतेक वेळा दिवाच नसतो. तेव्हा दिवा दिसला तर रेकॉर्डिंग चालू आहे हे नक्की, पण दिसला नाही म्हणजे बंद आहे असं धरून चालू नये.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे, आणि त्याबद्दल गैरसमजही जास्त आहेत.

चष्म्याला फक्त दिसतं

कॅमेऱ्याला चेहरा दिसतो, नाव दिसत नाही. चेहऱ्यावरून माणूस ओळखण्याचं काम तीन टप्प्यांत होतं, आणि ते सहसा चष्म्यात होतच नाही. फोटो फोनवर जातो, तिथून कुठल्यातरी सर्व्हरवर.

पहिल्या टप्प्यात संगणक चित्रात चेहरा कुठे आहे ते शोधतो, डोळे एका ओळीत येतील असा तो सरळ करतो आणि कापून घेतो. दुसऱ्या टप्प्यात त्या चेहऱ्याची आकड्यांची माळ तयार होते. गूगलच्या संशोधकांनी २०१५ मध्ये मांडलेल्या पद्धतीत अशा माळेत १२८ आकडे होते, आता ५१२ आकड्यांच्या माळा सर्रास वापरतात. हे नकाशावर गाव दाखवण्यासारखं आहे. एखादं गाव अक्षांश आणि रेखांश या दोन आकड्यांत सांगता येतं. येळ्ळूरचे आकडे राजहंसगडाच्या आकड्यांजवळ येतात, निपाणीचे लांब पडतात. चेहऱ्याचंही तसंच, फक्त दोनऐवजी ५१२ आकडे. तुमचा आजचा फोटो आणि पाच वर्षांपूर्वीचा फोटो यांचे आकडे जवळजवळ पडतात, परक्या माणसाचे दूर.

तिसरा टप्पा तुलनेचा. आणि तुलना करायला आधीचे फोटो लागतात, तेही नावासकट. ही नावासकट साठवलेली चेहऱ्यांची कोठी नसेल, तर लाखाच्या चष्म्यालाही तुम्ही कोण हे सांगता येणार नाही. म्हणून चष्म्याकडे पाहून घाबरण्याआधी त्या कोठीत काय पडलंय ते पाहायला हवं.

इथे एक फरक नीट लक्षात घ्यावा, कारण घरात वडीलधारी माणसं दोन्ही गोष्टी एकच समजतात. पेन्शनचा हयातीचा दाखला फोनवर चेहरा दाखवून निघतो. अंगणवाडीत घरी न्यायचा पोषण आहार देताना पोषण ट्रॅकरवर लाभार्थीचा चेहरा पडताळतात. इथे तुम्ही आधी सांगता की मी अमुक, आणि यंत्र एकाच नोंदीशी ताडून हो किंवा नाही म्हणतं. एकास एक तुलना. चष्म्याची भीती वेगळी आहे. तिथे तुम्ही काहीच सांगितलेलं नसतं, आणि यंत्र तुम्हाला हजारो-लाखो चेहऱ्यांत धुंडाळतं. एकास अनेक. पहिलीत तुम्हाला ठाऊक असतं की पडताळणी चालू आहे, दुसरीत नसतं. हयातीच्या दाखल्याला घाबरून सायबर कॅफेत पैसे घालवू नयेत. ती वेगळी गोष्ट आहे.

किती लांबून?

याचा हिशोब घरी कागदावर करता येतो. समजा चष्म्याचं भिंग आडवं ८० अंशांचं दृश्य टिपतं आणि उभ्या फोटोची रुंदी ३०२४ पिक्सेल, म्हणजे चित्राचे तेवढे ठिपके, आहे. दोन मीटरवर ते दृश्य साधारण ३.४ मीटर रुंद होतं, म्हणजे दर मीटरला ९०० पिक्सेल. माणसाचा चेहरा अंदाजे १५ सेंटिमीटर रुंद धरला, तर त्याच्या वाट्याला १३५ पिक्सेल येतात. दोन डोळ्यांच्या मध्यांतलं अंतर सव्वासहा-साडेसहा सेंटिमीटर असतं, त्याला ५७ पिक्सेल मिळतात. पारपत्राच्या फोटोसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकात किमान ९० लागतात, पण जुळवणीला ५७ सुद्धा पुष्कळ झाले. पाच मीटरवर डोळ्यांत २३ पिक्सेल उरतात आणि ओळख डळमळू लागते. दहा मीटरवर अकरा. तिथे चेहरा म्हणजे एक डाग.

व्हिडिओत चित्र आणखी लहान असतं. १०८० पिक्सेल रुंदीच्या व्हिडिओत दोन मीटरवरच डोळ्यांतलं अंतर वीस पिक्सेलवर येतं. थेट प्रक्षेपण असेल तर नेटवर्कनुसार त्याहून खराब. नवीन चष्म्यांत व्हिडिओ अधिक स्पष्ट येतो, म्हणून ही अंतरं थोडी वाढतील. तरीही आज धोका आहे तो हाताच्या अंतरावर. काउंटरवर, बसच्या सीटवर, लग्नाच्या पंगतीत, दवाखान्याच्या बाकावर. रस्त्याच्या पलीकडून जाणारा चष्मेवाला तुम्हाला ओळखून काढेल, ही भीती तूर्त बाजूला ठेवायला हरकत नाही.

तोंडावर ओढणी किंवा मास्क असेल तर? कोरोनानंतरच्या प्रणाली नुसत्या डोळे-कपाळावरूनही बऱ्यापैकी जुळवतात, पण चुका वाढतात. गॉगल आणि मास्क दोन्ही असतील तर सहसा जमत नाही.

हार्वर्डमध्ये काय झालं, आणि आपल्याकडे काय होईल

ऑक्टोबर २०२४ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातल्या आन्हफू गुयेन आणि केन आर्डायफिओ या दोन विद्यार्थ्यांनी एक प्रयोग जगासमोर ठेवला. अंगावर बाजारातलाच मेटाचा चष्मा. त्यातून इन्स्टाग्रामवर थेट प्रक्षेपण. खोलीतला संगणक ते प्रक्षेपण बघतो, चेहरा कापून घेतो आणि पिमआयज नावाच्या चेहरा-शोधयंत्रात टाकतो. तिथून जी वेबपाने मिळतील ती एका भाषा-मॉडेलला, म्हणजे मजकूर वाचून उत्तर देणाऱ्या एआयला, वाचायला दिली जातात, आणि ते त्यातून नाव, नोकरी, कॉलेज काढतं. मग अमेरिकेतल्या लोक-शोध संकेतस्थळांवरून पत्ता. सगळं मिळून मिनिट-दोन मिनिटांचं काम. त्यांनी प्रोग्रॅम लोकांना दिला नाही, उलट स्वतःची नोंद अशा ठिकाणांहून कशी काढावी तेच सांगितलं. पण या साखळीत एकही कडी नवी नव्हती. सगळ्या आधीपासून बाजारात होत्या, त्यांनी फक्त एकीला दुसरी जोडली.

आपल्याकडे नाव टाकलं की पत्ता देणारी तशी संकेतस्थळं नाहीत. पण नाव कळल्यावर पुढचे दुवे आहेतच. मतदार यादीत वय, घर क्रमांक, वडिलांचं किंवा पतीचं नाव असतं. मोबाइल नंबर हाती लागला, तर यूपीआयमध्ये तो टाकल्यावर पैसे न पाठवताही बँकेतलं नाव समोर येतं. कमी असतो तो पहिला दुवा, चेहऱ्याला नाव चिकटवणारा. आणि तो आपण स्वतः पुरवतो.

वेशीवरचा वाढदिवसाचा फ्लेक्स घ्या. मधोमध मोठा चेहरा, खाली नाव, त्याखाली पोस्टाच्या तिकिटाएवढे वीस-पंचवीस शुभेच्छुकांचे चेहरे, आणि प्रत्येकाखाली पूर्ण नाव. एका फ्लेक्सचा नीट फोटो म्हणजे नावासकट पंचवीस चेहऱ्यांची तयार यादी. त्यात मंडळाचं नाव, गल्लीचं नाव. एसएसएलसीचा, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीचा, निकाल लागला की क्लासच्या जाहिरातीत सोळा वर्षांच्या मुलींचे फोटो येतात, खाली नाव, शाळा आणि टक्के. तीच जाहिरात न्यूज पोर्टलवर जाते आणि वर्षानुवर्षं तिथे राहते.

सगळ्यांत मोठी कोठी मात्र स्थळांच्या ग्रुपवर आहे. एकच पान असतं. वर कोपऱ्यात फोटो, समोर बघणारा, प्रकाश चांगला, म्हणजे यंत्राला हवा तसाच. खाली नाव, जन्मतारीख, जन्मवेळ, रास, देवक, उंची, शिक्षण, कंपनीचं नाव, मामाचं गाव, घरचा पूर्ण पत्ता, वडिलांचा मोबाइल. बँकेच्या फोनवर ओळख पटवायला जे विचारतात, त्यातलं निम्मं या पानावर आहे. ते पान दहा ग्रुपवर फिरतं, कुणीतरी ते उघड्या संकेतस्थळावर चढवतं, आणि लग्न होऊन चार वर्षं झाली तरी ते तिथेच असतं. मुलीच्या चेहऱ्याला तिचं नाव, तारीख आणि घर इतक्या पक्क्या गाठीने दुसरं काहीच बांधत नाही.

एक बारकावा सांगायला हवा. पिमआयजसारखी यंत्रं उघड्या वेबवरचे फोटो धुंडाळतात, व्हॉट्सॲप ग्रुपच्या आत त्यांना शिरता येत नाही. आपण सोशल मीडियात शोधत नाही, असं पिमआयज स्वतः सांगतं. म्हणजे ग्रुपवरचं सुरक्षित का? नाही. कारण चेहरे जुळवण्याचे प्रोग्रॅम फुकट मिळतात आणि साध्या लॅपटॉपवर चालतात. एखाद्या कॉलेजच्या स्नेहसंमेलनाचा अल्बम, एका मंडळाचं पेज आणि स्थळांच्या ग्रुपमधली पाचशे पानं कुणी गोळा केली, तर त्याची गल्लीपुरती, गावापुरती स्वतःची कोठी तयार होते. मला जास्त भीती वाटते ती याची. जगभरच्या कोठीपेक्षा गावची छोटी कोठी जास्त अचूक चालते. कशी, ते पुढचे आकडे पाहिले की कळेल.

चूक कशी होते

दोन माळा किती जवळ आल्या म्हणजे एकच माणूस मानायचा, याची रेघ यंत्र चालवणारा ठरवतो. रेघ सैल ठेवली तर परकी माणसं जुळतात, ताणली तर खरा माणूसही सुटतो. समजा रेघ अशी आहे की दहा हजार परक्या तुलनांत एक चुकून जुळते. ऐकायला फार चांगलं वाटतं. पण बेळगाव शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे ४.९ लाख होती. तेवढ्या चेहऱ्यांच्या कोठीत एक फोटो शोधायला टाकला, तर ४९ परकी माणसं जुळली म्हणून पुढे येतील. यंत्र त्यातला सगळ्यांत जवळचा वर ठेवतं, आणि बघणारा तोच खरा धरतो.

आता पाचशे चेहऱ्यांची गावची कोठी घ्या. त्याच रेघेवर वीस वेळा शोधलं तर एखाद्या वेळी एक परका जुळेल. म्हणून म्हटलं, छोटी कोठी जास्त धोक्याची.

भाऊ-भाऊ, चुलत बहिणी, जुळी मुलं यांचे आकडे जवळ पडतात हे उघड आहे, आणि खेड्यात एकाच भावकीची पाच घरं शेजारी असतात. शिवाय यंत्र ज्या चेहऱ्यांवर शिकलं, त्या चेहऱ्यांना ते जास्त चांगलं ओळखतं. २०१८ मध्ये जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू यांनी तीन कंपन्यांच्या प्रणाली तपासल्या. काम सोपं होतं, फोटोतली व्यक्ती स्त्री की पुरुष एवढंच सांगायचं. गोऱ्या पुरुषांत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के होती, सावळ्या-काळ्या स्त्रियांत ती ३४.७ टक्क्यांपर्यंत गेली. प्रणाली त्यानंतर सुधारल्या आहेत. तरी उन्हात राबलेल्या, डोक्यावर पदर घेतलेल्या चेहऱ्यावर एखादं यंत्र कसं चालतं, हे ते विकणाऱ्याने दाखवून द्यावं अशी मागणी करणं आपला हक्क आहे.

जमाव जमतो तिथे ही चूक महाग पडते. एक नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीत किंवा शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत कोण होतं, हे कुणा खासगी माणसाने चष्म्याच्या व्हिडिओवरून काढलं आणि सोशल मीडियावर नावं टाकली, तर त्यात न आलेल्या माणसाचंही नाव येऊ शकतं. तो त्या दिवशी सांबऱ्यात शेतात होता, हे सिद्ध करण्याचं ओझं मग त्याच्यावर. अशी यादी हातात आली की ती पुढे पाठवू नये. एवढं साधं पथ्य पाळलं तरी पुष्कळ नुकसान टळतं.

कंपन्या काय म्हणतात

गूगलने २०१३ मध्ये आपल्या ग्लास चष्म्यावर चेहरा ओळखणाऱ्या ॲपना बंदी घातली आणि २०१५ च्या सुरुवातीला तो चष्मा सर्वसामान्यांना विकणंच थांबवलं. फेसबुकने नोव्हेंबर २०२१ मध्ये फोटोत आपोआप नाव सुचवणारी सोय बंद केली आणि एक अब्जाहून जास्त लोकांचे चेहरा-आकडे पुसत असल्याचं जाहीर केलं. त्याआधी अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याच्या कायद्याखालच्या दाव्यात ६५ कोटी डॉलर द्यावे लागले होते. पुढे २०२४ मध्ये टेक्सास राज्याशी १४० कोटी डॉलरची तडजोड झाली. यातून एक गोष्ट कळते. हे तंत्र जमत नाही म्हणून थांबलेलं नाही, लोकांनी आणि कायद्याने अडवलं म्हणून थांबलं. अडवणं सैल झालं की ते परत येईल.

चष्मा घेणाऱ्यांसाठीही दोन गोष्टी. एआयला प्रश्न विचारताना समोरचा फोटो कंपनीच्या सर्व्हरवर जातो. आणि एप्रिल २०२५ च्या बदलानंतर मेटाच्या चष्म्याला तोंडी दिलेल्या हुकमांची ध्वनिमुद्रणं साठवली जातात. ती साठवूच नका असा पर्याय काढून टाकला आहे, ॲपमध्ये जाऊन आपल्या हाताने पुसावी लागतात. ज्याला हे नको, त्याने हाक मारून एआय सुरू करण्याची सोयच बंद ठेवावी.

या चष्म्याचा खरा उपयोगही आहे, आणि तो विसरू नये. दृष्टी नसलेल्या माणसाला औषधाच्या बाटलीवरचं नाव, नोटेची किंमत, दारावरचा नंबर ऐकवणारं असं साधन पूर्वी नव्हतं. म्हणून सरसकट बंदीची मागणी मला पटत नाही. बंदी नाव शोधण्यावर हवी, बघण्यावर नको.

कायद्यात आपल्याला काय मिळतं

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ ला एकमताने दिला. तो मागणारे के. एस. पुट्टस्वामी कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश होते. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यापासून १८ महिन्यांनी लागू होतात, म्हणजे मे २०२७ मध्ये. दंड २५० कोटी रुपयांपर्यंत.

या कायद्यात दोन मोठ्या फटी आहेत. एखाद्याने स्वतःच्या किंवा घरगुती कामासाठी माहिती वापरली, तर कायदा लागू होत नाही. आणि जी माहिती तुम्ही स्वतःहून जाहीर केली, तिलाही लागू होत नाही. म्हणजे आपणच चौकात लावलेला फ्लेक्स, आपणच सगळ्यांना दिसेल असा टाकलेला अल्बम या कायद्याच्या छत्राखाली येत नाही. कायदा कामाचा आहे तो दुकान, दवाखाना, शाळा, क्लास, वधू-वर सूचक संस्था आणि कंपन्या यांच्याविरुद्ध. १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला पालकांची पडताळलेली संमती लागते, तेव्हा निकालाच्या जाहिरातीही पालकांना विचारूनच निघायला हव्यात.

सीमाभागासाठी या कायद्यातलं एक कलम सोन्यासारखं आहे. संमती मागताना द्यायची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय माणसाला द्यावा लागतो. मराठी त्या अनुसूचीत आहे, आणि माणूस कोणत्या राज्यात राहतो याची अट नाही. म्हणजे कलमं लागू झाल्यावर बेळगावातल्या दुकानदाराने किंवा बंगळूरच्या कंपनीने आपला चेहरा साठवण्याची संमती मागितली, तर ती सूचना मराठीत दाखवा असं म्हणता येईल. न वाचता अंगठा दाबण्याची सवय मोडायला याहून चांगलं हत्यार नाही.

रस्त्यावर कुणी फोटो काढला एवढ्यावरून गुन्हा होत नाही. गुन्हा ठरतो तो जागेवरून आणि वापरावरून. कपडे बदलणं, अंघोळ अशा खासगी क्षणी स्त्रीचं चित्रण करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. पहिल्या वेळी एक ते तीन वर्षं कैद. नकोसा पाठलाग कलम ७८ मध्ये. कलम ७७ फक्त स्त्रियांसाठी आहे, पण माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ ई मुलगा, पुरुष, कुणाच्याही गुप्तांगांच्या चोरट्या चित्रणाला लागू होतं. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

करायच्या गोष्टी

स्थळाच्या पानापासून सुरुवात करा. फोटो आणि माहिती वेगळी ठेवा. पहिल्यांदा पाठवायच्या पानावर नाव, शिक्षण, गाव, उंची, घरातल्या वडीलधाऱ्यांचा एक नंबर, बस. जन्मवेळ आणि पूर्ण पत्ता बोलणी पुढे गेल्यावर तोंडी. फोटो पसंती कळल्यावर त्या एका घरालाच, आणि व्हॉट्सॲपवर एकदाच उघडेल असा पाठवा. तो ॲपमधून पुढे पाठवता येत नाही. दुसऱ्या फोनने त्याचा फोटो घेता येतो हे खरं, पण दहा ग्रुपवर आपोआप जायचं थांबतं. लग्न ठरलं की ज्या ज्या ठिकाणी नोंद केली, तिथे ती काढायला लेखी सांगा. लेखी म्हणजे व्हॉट्सॲपचा मेसेजही चालतो, तारीख राहते.

फोनवर व्हॉट्सॲपच्या सेटिंग्ज, प्रायव्हसी, प्रोफाइल फोटो इथे जाऊन माय कॉन्टॅक्ट्स निवडा. फेसबुकवर दुसऱ्याने केलेला टॅग आपल्याला विचारून लागेल अशी सोय चालू करा, आणि फेसबुकबाहेरच्या शोधयंत्रांना आपलं प्रोफाइल दाखवण्याची परवानगी बंद करा. मंडळांनी अल्बम टाकावेत, जरूर टाकावेत, पण चेहऱ्याखाली नावांची ओळ नको. नावांची ओळ गेली की कोठीची किंमतच जाते.

पिमआयजवरून स्वतःचे फोटो काढून टाकण्याची विनंती करता येते. त्यासाठी फोटो आणि ओळखपत्राची प्रत मागतात. प्रत देताना चेहरा सोडून क्रमांक, पत्ता, जन्मतारीख काळं करून द्या. आधारची मूळ प्रत कुठेही चढवू नये.

खडेबाजारातली साड्यांची दुकानं, ब्युटी पार्लर, दवाखाने, मुलींची वसतिगृहं यांनी दारावर मराठीत आणि कन्नडमध्ये पाटी लावावी: ‘कॅमेऱ्याचा चष्मा आत घालू नये. काढून पेटीत ठेवावा.’ नंबरचा चष्मा असेल तर माणूस तो काढून चालूच शकणार नाही, त्याला बंद करायला सांगा. मेटाच्या चष्म्यात डाव्या काडीच्या आतल्या बाजूला सरकवायचं बटण आहे, ते बंद केलं की कॅमेरा मेला. ट्रायल रूमपुरता तरी हा नियम पक्का हवा, दुकानाच्या मालकालाही.

बाजारात शंका आली तर सरळ विचारा. ‘फोटो काढायलास काय?’ एवढं चार माणसांत मोठ्याने विचारलं तरी बहुतेक जण चष्मा काढतात. हिसकावून घेऊ नका, उलट तक्रार आपल्यावर येते.

फोटो बाहेर आला तर

पहिल्यांदा पुरावा. पोस्टचा पूर्ण दुवा, टाकणाऱ्याच्या खात्याचं नाव, तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट. फाइल मिळाली असेल तर मूळ फाइल तशीच ठेवा. व्हॉट्सॲपवर पुढे पाठवली की ती आकाराने लहान केली जाते आणि तिचा डिजिटल ठसा बदलतो, मग न्यायालयात तीच फाइल म्हणून दाखवायला अडचण येते. केबलने पेनड्राइव्हवर घ्या. रागाने टाकणाऱ्याला मेसेज करू नका, तो पोस्ट पुसतो आणि पुरावा जातो.

मग त्या ॲपवर तक्रार. नग्न किंवा बनावट अश्लील चित्र असेल, तर तक्रार आल्यापासून दोन तासांच्या आत ते काढणं कंपनीला बंधनकारक आहे. त्याचबरोबर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर, सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन इथे नोंद करा. स्त्रिया आणि मुलांविरुद्धच्या अशा गुन्ह्यांत नाव न देताही तक्रार घेतात. पैशाची मागणी झाली असेल किंवा पैसे गेले असतील तर १९३० ला तत्काळ फोन. अंगावर धोका असेल तर ११२. जिल्ह्यात या कामासाठी सीईएन, म्हणजे सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांच्या गुन्ह्यांचं, पोलीस ठाणं आहे.

हद्दीचा प्रश्न इथे हमखास येतो. लग्न चंदगडला, चित्रण तिथलं, मुलीचं घर खानापूर तालुक्यात, पोस्ट टाकणारा पुण्यात. ‘तिकडे जा’ असं सांगून परत पाठवलं, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ चा आधार घ्या. दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही पोलीस ठाण्याला घ्यावी लागते, हद्द कुणाचीही असो. तिला झिरो एफआयआर म्हणतात. ठाणं ती नोंदवून मग योग्य हद्दीत पाठवतं, राज्य बदललं तरी. ऑनलाइनही खबर देता येते, मात्र तीन दिवसांत ठाण्यात जाऊन सही करावी लागते. नोंदीची प्रत विनाशुल्क मिळते. ती मागून घ्या आणि तिच्यावरचा क्रमांक वहीत लिहून ठेवा.